‘वरील सारणीवरून असे दिसून येते की…’ : एक्सेलच्या रिग्रेशनखालचा तो परिच्छेद

“वरील सारणीवरून असे दिसून येते की, मल्टिपल आर ०.८१६ असून ‘क्ष’ व ‘य’ या चलांमध्ये उच्च धन सहसंबंध आहे. आर स्क्वेअर ०.६७ असल्याने हे प्रतिमान ६७ टक्के अचूक आहे. सिग्निफिकन्स एफ ०.००२ असून पी-व्हॅल्यूही ०.००२, म्हणजे ०.०५ पेक्षा कमी आहे. म्हणून शून्य गृहीतकाचा त्याग करण्यात येतो व ‘क्ष’चा ‘य’वर लक्षणीय परिणाम होतो हे सिद्ध होते.”

हा परिच्छेद तुम्ही कुठेतरी वाचलाय. आकडे वेगळे असतील, ‘क्ष’च्या जागी जाहिरातखर्च असेल, पाऊस असेल, शिक्षकांचं प्रशिक्षण असेल. पण वाक्यं हीच आणि याच क्रमाने. मीही हाच परिच्छेद लिहिलाय, माझ्या प्रबंधाच्या तिसऱ्या प्रकरणाच्या पहिल्या मसुद्यात, आणि तो लिहिताना मला जराही शंका आली नव्हती. तेव्हा आज परीक्षण करायचंय ते एखाद्या पुस्तकाचं नाही, या परिच्छेदाचं. आणि ज्या तक्त्याकडे बघून तो लिहिला जातो, त्या एक्सेलच्या ‘समरी आउटपुट’चंही थोडंसं.

आधी मेन्यूचं उरकून घेऊ. डेटा टॅबमध्ये ‘डेटा अॅनालिसिस’ दिसत नसेल तर ऑप्शन्समधल्या अॅड-इन्समध्ये जाऊन ‘अॅनालिसिस टूलपॅक’ चालू करा. मग रिग्रेशन निवडा, ‘य’ची रेंज द्या, ‘क्ष’ची रेंज द्या, ओके. झालं. अवघड भाग याच्या पुढे आहे.

तक्त्यात सगळ्यात आधी कुठे बघायचं? आपण आर स्क्वेअरकडे बघतो. मी म्हणेन, आधी ‘ऑब्झर्व्हेशन्स’ बघा. रेंज निवडताना शीर्षकाची ओळ घेतली नाही, पण ‘लेबल्स’च्या चौकोनात टिक तशीच राहिली, तर एक्सेल तुमची पहिली नोंद शीर्षक समजून गिळून टाकतं. कुठेही एरर येत नाही. तुमच्याकडे ११ नोंदी आहेत आणि तक्ता म्हणतो १०, एवढीच काय ती खूण. आणखी एक गोष्ट: हा तक्ता एकदा छापला की छापला. मागाहून डेटात दुरुस्ती केली तरी तो आपोआप बदलत नाही, रिग्रेशन पुन्हा चालवावं लागतं. डेटा दुरुस्त केलेला आणि प्रबंधातला तक्ता मात्र दुरुस्तीच्या आधीचा, हा प्रकार तोंडी परीक्षेतच उघडकीला यायचा नसेल तर आत्ताच तपासून घ्या. आकडे बदलले की आपोआप बदलणारं उत्तर हवं असेल तर ‘लाइनेस्ट’ हे फंक्शन आहे, गूगल शीट्समध्येही चालतं. फक्त ते नुसते आकडे देतं, त्यांची नावं देत नाही. कुठल्या खान्यात काय येतं हे तुम्हाला माहीत असावं लागतं.

आता परिच्छेदाचं पहिलं वाक्य. “मल्टिपल आर ०.८१६, म्हणून धन सहसंबंध.” मल्टिपल आर नेहमीच शून्य किंवा त्याहून मोठा असतो. तुमची रेषा खाली उतरत असली, म्हणजे एक वाढलं की दुसरं घटत असलं, तरी एक्सेल इथे अधिक चिन्हाचाच आकडा छापणार. संबंध धन की ऋण हे कळतं ते खालच्या ‘कोएफिशियंट्स’च्या रकान्यातून. म्हणजे हे वाक्य बरोबर ठरलं तर ते योगायोगाने.

दुसरं वाक्य, “६७ टक्के अचूक”. हे वाक्य मला सगळ्यात जास्त खटकतं, कारण ते खूप समजल्यासारखं वाटतं. वरचे आकडे ज्या डेटाचे आहेत त्यात ‘य’च्या सरासरीपासूनच्या फरकांच्या वर्गांची बेरीज ४१.२७ आहे. त्यातले २७.५१ रेषेच्या वाट्याला येतात, उरलेले १३.७६ येत नाहीत. २७.५१ भागिले ४१.२७ म्हणजे ०.६७. बस, एवढाच त्याचा अर्थ. अंदाज शंभरातल्या ६७ वेळा बरोबर येईल असं यात कुठेही नाही. अंदाज किती चुकतो हे जाणून घ्यायचं तर त्याच पहिल्या चौकटीतला ‘स्टँडर्ड एरर’ बघा: १.२४. तोही ‘य’च्याच एककात. ‘य’ म्हणजे क्विंटल असेल तर रेषेच्या वर-खाली साधारण सव्वा क्विंटलची चूक धरून चला. हे वाक्य शेतकऱ्यालाही कळेल. (स्टँडर्ड एरर नावाचा एक रकाना खालच्या चौकटीतही आहे. नाव तेच, वस्तू वेगळी: तो कोएफिशियंटच्या अनिश्चिततेचा आहे. एका पानावर एकाच नावाचे दोन आकडे ठेवणाऱ्याला काय म्हणावं!)

आर स्क्वेअरबद्दल आणखी दोन गोष्टी. ‘क्ष’चा पल्ला अरुंद केला की तीच रेषा, तोच विखुरलेपणा असूनही आर स्क्वेअर घसरतो. म्हणून एका तालुक्याच्या अभ्यासातला ०.३ आणि सगळ्या राज्याच्या अभ्यासातला ०.७ शेजारी ठेवून “राज्याचं मॉडेल चांगलं” असं म्हणता येत नाही. दुसरं, ‘कॉन्स्टंट इज झीरो’वर टिक केली की आर स्क्वेअर एकदम फुगतो. आनंद मानू नका. तिथे एक्सेल फरक सरासरीपासून मोजायचं सोडून शून्यापासून मोजतं. मोजपट्टीच बदलली, तर दोन मापांची तुलना कसली करता?

तिसऱ्या वाक्यात दोन पुरावे दिलेत, सिग्निफिकन्स एफ आणि पी-व्हॅल्यू. ‘क्ष’ एकच असेल तेव्हा हे दोन पुरावे नसतातच. टी आहे ४.२४, त्याचा वर्ग १७.९९, आणि तोच एफ. एकाच साक्षीदाराला दोनदा पिंजऱ्यात उभं करून आपण “दोघांचीही साक्ष जुळते” म्हणतोय. ‘क्ष’ अनेक असतील तेव्हा मात्र एफ वेगळा प्रश्न विचारतो, तिथे त्याला जागा आहे. आणि पी-व्हॅल्यू फार लहान असली की एक्सेल ४.६ई-०७ अशा रूपात दाखवतं. हे ४.६ नाही, दशांशचिन्हानंतर सहा शून्यं आणि मग ४६ आहे. हसू नका, “पी-व्हॅल्यू ४.६ असल्याने शून्य गृहीतक स्वीकारले” असं लिहिलेलं मी डोळ्यांनी पाहिलंय.

बरं, ०.००२ चा अर्थ तरी काय? खरा उतार शून्य असता आणि रेषेमागची बाकीची गृहीतंही पाळली गेली असती, तर इतका किंवा याहून मोठा टी निव्वळ योगायोगाने येण्याची शक्यता हजारात दोन. शून्य गृहीतक खरं असण्याची शक्यता हजारात दोन, असा त्याचा अर्थ नाही. हा फरक पहिल्यांदा ऐकताना केस चिरण्यासारखा वाटतो, मलाही वाटला होता. पण वाक्याची सुरुवात “असता… तर” अशी आहे हे लक्षात ठेवलं की पुढची गफलत होत नाही.

शेवटचं वाक्य मराठीचंच आहे म्हणून त्यावर थोडं थांबते. “लक्षणीय” आणि “परिणाम”. लक्षणीय म्हटलं की मराठी वाचक समजतो मोठा, नजरेत भरणारा. संख्याशास्त्रातला सिग्निफिकंट तसा नाही; नोंदी पुरेशा असतील तर नगण्य उतारही सिग्निफिकंट ठरतो. आणि परिणाम? आपल्याकडे प्रबंधांची शीर्षकंच “…चा …वर होणारा परिणाम : एक अभ्यास” अशी असतात. म्हणजे निष्कर्ष शीर्षकातच ठरला, मग रिग्रेशनने काय शोधायचं? ‘क्ष’ आणि ‘य’ची अदलाबदल करून बघा. मल्टिपल आर तोच, आर स्क्वेअर तोच, उताराची पी-व्हॅल्यूसुद्धा तीच. कोण कोणावर परिणाम करतो हे तक्त्याला ठाऊकच नाही. उतार मात्र बदलतो. आधी ‘क्ष’ एकने वाढला की ‘य’ ०.५० ने वाढत होता. उलट केल्यावर ‘य’ एकने वाढला की ‘क्ष’ २ ने वाढायला हवा असं वाटतं, पण तक्ता म्हणतो १.३३. या दोन रेषा वेगळ्या आहेत. कुठली काढायची हे तुमच्या विषयाच्या ज्ञानातून ठरतं, एक्सेलमधून नाही.

गंमत म्हणजे ज्या आकड्यावर सगळ्यात जास्त बोलायला हवं त्याचा या परिच्छेदात उल्लेखच नाही. उतार ०.५०, आणि त्याच्यासमोर ‘लोअर ९५ टक्के’, ‘अप्पर ९५ टक्के’: ०.२३ ते ०.७७. म्हणजे या डेटाला ०.२३ ही चालतंय आणि ०.७७ ही. तिपटीहून जास्त फरक! तुम्ही या आकड्यावरून एखादी शिफारस करणार असाल तर हा फरक तुमच्या वाचकाला कळायला नको का? मग हे रकाने प्रबंधात का नसतात? माझ्या बाबतीतलं कारण सांगते. तक्ता वर्डमध्ये पेस्ट केल्यावर उभ्या पानावर मावत नव्हता, म्हणून मी उजवीकडचे रकाने कापले. कापताना बरंही वाटलं, कारण एक्सेल तेच दोन रकाने दोनदा छापतं आणि ते का, हे मला माहीत नव्हतं. (कॉन्फिडन्स लेव्हलचा चौकोन तुमच्या पसंतीची पातळी देण्यासाठी आहे. ती दिली नाही की ९५ शेजारी पुन्हा ९५. बाकी काही गूढ नाही.)

इंटरसेप्टचंही असंच. इथे तो ३.०० आहे. लगेच वाक्य येतं, “क्ष शून्य असला तरी य ३ राहील.” पण या डेटात ‘क्ष’ची सगळ्यात लहान किंमत ४ आहे. शून्यापाशी कोणी जाऊन पाहिलेलंच नाही.

इथवर मी परिच्छेदाची वाक्यं तपासली. पण समजा, ही सगळी वाक्यं दुरुस्त करून लिहिली. मग तो खरा ठरेल का? नाही. कारण वरचे आकडे मी जिथून घेतलेत तो डेटा एक नाही, चार आहेत.

फ्रान्सिस अॅन्स्कम हे येल विद्यापीठातले संख्याशास्त्रज्ञ. १९७३ साली ‘द अमेरिकन स्टॅटिस्टिशियन’मध्ये त्यांनी ११-११ बिंदूंचे चार संच छापले. चौघांतही ‘क्ष’ची सरासरी ९, ‘य’ची ७.५०, इंटरसेप्ट ३.००, उतार ०.५०, आर स्क्वेअर ०.६७. चारही एक्सेलमध्ये टाका, दोन दशांश स्थळांपर्यंत जवळपास एकसारखे चार तक्ते मिळतील, आणि चौघांखालीही वरचा परिच्छेद जसाच्या तसा चिकटवता येईल. आता स्कॅटर काढा. पहिला संच साधा, रेषेभोवती विखुरलेले बिंदू. दुसऱ्यात बिंदू एका गुळगुळीत वक्रावर आहेत, चढतात आणि मग उतरतात, सरळ रेषेचा तिथे संबंधच नाही. तिसऱ्यात दहा बिंदू जवळजवळ नेमके एका रेषेत आणि एकच उंडगा, (१३, १२.७४). तो बाजूला ठेवला तर उतार ०.५० वरून ०.३५ च्या आसपास येतो. आणि चौथा संच. तो पूर्ण देते, टाइप करून बघाच: ‘क्ष’ दहा वेळा ८ आणि एकदाच १९. १९ समोर ‘य’ १२.५०, ८ समोर ६.५८, ५.७६, ७.७१, ८.८४, ८.४७, ७.०४, ५.२५, ५.५६, ७.९१, ६.८९.

या चौथ्या संचात उतार म्हणून जे काही आहे ते त्या एका बिंदूमुळे आहे. तो काढला तर ‘क्ष’ला फक्त ८ ही एकच किंमत उरते आणि उतार काढताच येत नाही. तरीही पी-व्हॅल्यू ०.००२!

हे सगळं मी कोर्सवर्कमध्ये शिकले होते, परीक्षेत लिहिलंही होतं. आणि तरी माझं तिसरं प्रकरण म्हणजे हा चौथा संच निघाला.

माझा डेटा होता महाराष्ट्रातल्या जिल्ह्यांचा. ‘क्ष’ म्हणजे बँकांमधल्या दरडोई ठेवी, ‘य’ म्हणजे दरडोई उत्पन्न. आर स्क्वेअर छान आला, पी-व्हॅल्यू नावापुरती. मी परिच्छेद लिहिला, प्रगती अहवालाच्या सादरीकरणात वाचून दाखवला. मार्गदर्शक मॅडमनी शांतपणे विचारलं, “मुंबई काढून बघितलीस का?” नव्हती बघितली. त्याच दिवशी हॉस्टेलवर येऊन बघितली. उतार निम्म्याहून खाली आला आणि ९५ टक्क्यांच्या पट्ट्यात शून्य येऊन बसलं. दीड वर्ष मी ज्याला महाराष्ट्राचं चित्र म्हणत होते ते मुंबई आणि उरलेले सगळे, अशा दोन टिपक्यांना जोडणारी रेषा होती.

मी म्हणाले, “मॅडम, पण मी रेसिड्युअल्स तपासले होते!” खरंच तपासले होते. प्रत्येक बिंदूचा रेषेपासूनचा फरक, म्हणजे रेसिड्युअल, आणि मुंबईचा फरक अगदी किरकोळ होता. मला कळत नव्हतं ते हेच: जो बिंदू रेषेला आपल्याकडे ओढून घेतो, त्याचा रेसिड्युअल लहानच असणार. अॅन्स्कमच्या चौथ्या संचात १९ वाल्या बिंदूचा रेसिड्युअल जवळजवळ शून्य आहे, रेषा त्याच्यातूनच जाते. दंगा करणाराच पोलिसपाटील, मग तक्रार कोण नोंदवणार?

या ओढीला लिव्हरेज म्हणतात. एक्सेलचं रिग्रेशन ते छापत नाही, पण एक रकाना वाढवून काढता येतं. त्या बिंदूचा ‘क्ष’ आणि ‘क्ष’ची सरासरी यांच्या फरकाचा वर्ग घ्या, त्याला सगळ्या अशा वर्गांच्या बेरजेने भागा (त्यासाठी ‘डेव्हएसक्यू’ हे फंक्शन आहे), आणि त्यात एक भागिले नोंदींची संख्या मिळवा. चौथ्या संचात १९ साठी फरक १०, वर्ग १००, बेरीज ११०. म्हणजे १०० भागिले ११० अधिक १ भागिले ११. उत्तर बरोबर १. याहून मोठं लिव्हरेज असूच शकत नाही. बाकी दहा जणांचं प्रत्येकी ०.१. माझ्या तक्त्यात मुंबईचं १ नव्हतं, पण दुसऱ्या क्रमांकाचा जिल्हा तिच्या आसपासही नव्हता.

मग मुंबई काढून टाकायची का? मॅडमना मी हेच विचारलं, आणि त्यांनी उलट विचारलं, “ती तिथे का आहे ते सांग आधी.” मोठमोठ्या कंपन्यांची मुख्यालयं मुंबईत, त्यामुळे त्यांच्या ठेवी मुंबईच्या शाखांत नोंदल्या जातात, कारखाना कुठेही असो. म्हणजे मुंबईच्या आकड्यात ‘दरडोई’ या शब्दालाच फारसा अर्थ नाही. बाकी जिल्ह्यांत आपण मोजतोय ती गोष्ट आणि मुंबईत मोजतोय ती गोष्ट वेगळीच आहे. हे कारण सापडल्यावर वेगळी ओळ करणं योग्य. पण कारण न सापडता, नुसता आकडा नडतोय म्हणून बिंदू काढणं म्हणजे उलट दिशेची तीच चूक. लॉग घेऊनही पाहिलं. दूरचा बिंदू जरा जवळ येतो, प्रश्न तसाच राहतो.

आता एक्सेलबद्दलची माझी तक्रार. रिग्रेशनच्या खिडकीत रेसिड्युअल्स, रेसिड्युअल प्लॉट्स, लाइन फिट प्लॉट्स हे सगळे चौकोन सुरुवातीला रिकामे असतात. जे आधी बघायचं ते मागितल्याशिवाय मिळत नाही, आणि सिग्निफिकन्स एफ न मागता मिळतो. त्यातून ‘नॉर्मल प्रोबॅबिलिटी प्लॉट’वर टिक केलीत तर तो आलेख रेसिड्युअल्सचा नसतोच, मूळ ‘य’चाच असतो. अट आहे ती रेसिड्युअल्स नॉर्मल असण्याची. तेव्हा तो आलेख दाखवून “नॉर्मॅलिटीची अट पूर्ण होते” असं लिहू नका. परीक्षकाला माहीत असेल तर पंचाईत. ‘स्टँडर्डाइज्ड रेसिड्युअल्स’ही नुसते त्यांच्या प्रमाण विचलनाने भागलेले असतात, लिव्हरेजचा हिशेब त्यात नसतो. ट्रेंडलाइन वापरत असाल तर आणखी एक सापळा: स्कॅटरऐवजी लाइन चार्ट काढला की एक्सेल ‘क्ष’च्या जागी १, २, ३ धरतं. समीकरण दिसतं देखणं, पण त्यात तुमचा ‘क्ष’ नसतोच.

तरी सांगते, दोष सगळा एक्सेलचा नाही. आर किंवा एसपीएसएस वापरणारे माझे वर्गमित्रही हाच परिच्छेद लिहितात.

अॅन्स्कमच्या पहिल्या संचाखाली मी आज काय लिहीन? साधारण असं:

“११ नोंदींवर बसवलेल्या सरळ रेषेनुसार, ‘क्ष’ एका एककाने जास्त असलेल्या ठिकाणी ‘य’ सरासरी ०.५० एककाने जास्त आढळतो. ९५ टक्के विश्वासाचा पट्टा ०.२३ ते ०.७७. रेषेभोवतीचा विखुरलेपणा सुमारे १.२४ एकक आहे. ‘क्ष’ ४ ते १४ या पल्ल्याबाहेर अंदाज केलेला नाही. स्कॅटरमध्ये वक्रता किंवा रेषेला एकट्याने ओढणारा बिंदू दिसला नाही.”

हा परिच्छेद दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या संचाखाली चिकटवता येत नाही. एवढाच त्याचा फायदा.

माझ्या तिसऱ्या प्रकरणात आता दोन ओळी आहेत, मुंबईसह आणि मुंबईशिवाय, आणि खाली दीड पान ठेवी कुठे नोंदल्या जातात याबद्दल. ते दीड पान लिहायला वाचावं लागलं ते प्रकरणाच्या बाकी मजकुरापेक्षा जास्त होतं. प्रकरणाच्या शीर्षकातून ‘परिणाम’ गेला, ‘संबंध’ आला. प्रबंधाच्या शीर्षकात मात्र तो अजून आहे, कारण ते बदलायला समितीपुढे अर्ज करावा लागतो. अर्ज भरून दिलाय, एका सहीसाठी थांबलाय.